0.32 मिलिमीटर

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी मशीनवरच उभा होतो. जळगावला एमआयडीसीत माझं तीन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. चार ओळी जॉब कार्डावर लिहायची सवय आहे, मनोगत पहिल्यांदाच लिहितोय. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

1984 साली मी आठवीत टेक्निकल घेतलं ते आवड म्हणून नाही. मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पोरगं मशीनला हात लावायला शिकलं तर कुठे ना कुठे चिकटेल, असा त्यांचा हिशोब. मी अमळनेरजवळच्या खेड्यातून एसटीने यायचो. वर्कशॉपच्या दिवशी खाकी एप्रन दप्तरात कोंबलेला असे आणि डब्यातल्या भाकरीलाही ग्रीसचा वास लागे.

लेथ चालवायला मिळेल म्हणून आम्ही गेलो आणि हाती आली कानस. किती दिवस नुसती कानसच! सहा मिलिमीटर जाडीचा लोखंडी फ्लॅट, म्हणजे पट्टी, वाइसच्या शिकंज्यात धरायचा आणि घासत राहायचं. दिसायला सोपं, पण पुढे जाताना डावा हात जड पडतो, शेवटाला उजवा, आणि जॉबला, म्हणजे हातातल्या तुकड्याला, मधोमध पोट येतं. सर काटकोनी गुण्या लावून जॉब खिडकीकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. “उजेड येतोय” एवढंच म्हणायचे. कानशीच्या दातांत कीस अडकून ओरखडे पडू नयेत म्हणून तिला खडू चोळायचा, हेही तिथेच कळलं. मार्किंगच्या आधी लोखंडावर मोरचुदाचं पाणी फिरवायचो. त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि स्क्राइबरची रेघ झळझळीत उठते. मोरचूद घरी फवारणीसाठी असायचं, त्यामुळे मला ते ओळखीचं. शहरातल्या पोरांना मी त्याबद्दल बराच भाव खाऊन सांगितलं होतं.

थिअरीच्या तासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वह्या भरल्या, पाठ केलं, विसरलो.

नववीत मेल-फिमेल फिटिंगचा जॉब आला. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची. माझा हॅक्सॉ, लोखंड कापायची करवत, रेघ सोडून आत गेला आणि खाच दोन मिलिमीटर रुंद झाली. जमा करायची तारीख दुसऱ्या दिवशी. स्टोअरमागच्या पेटीत आदल्या वर्षीचे जॉब पडलेले असायचे. त्यातली एक चांगली जोडी उचलली. अडचण एकच, प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात नंबर पंचाने रोल नंबर ठोकलेला. तो घरी बसून कानशीने घासून काढला आणि माझा 17 ठोकला. त्या मेहनतीत माझा स्वतःचा जॉब नव्याने झाला असता, हे तेव्हा सुचलं नाही.

सरांनी जोडी हातात घेतली, उजेडाकडे धरली, मान हलवली. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला आणि एका कोपऱ्याला लावून माझ्यापुढे धरला.

“वाच.”

त्या व्हर्निअरवर 49 मिलिमीटरचे 50 भाग केलेले, म्हणून तो 0.02 मिलिमीटरपर्यंत माप दाखवतो. हे वहीत लिहिलेलं होतं, वापर त्या दिवशी समजला. मी वाचलं, 5.94. मग त्यांनी तो माझ्या 17 नंबरवर लावला. 5.62.

“मधले 0.32 कुठे गेले?”

वर्ग खदाखदा हसला. सर हसले नाहीत, मारलंही नाही. एक कच्चा फ्लॅट दिला आणि मधल्या सुट्टीत येत जा म्हणाले. मार्चचे दिवस, डोक्यावर पत्र्याचं शेड, खान्देशातलं ऊन. वाइसचा दांडासुद्धा चटका देत होता. तेरा सुट्ट्या लागल्या. जॉब पास झाल्यावर 17 त्यांनी स्वतः ठोकला. मार्क दिले दहापैकी सहा, कारण जिभेच्या डाव्या खांद्यातून थोडा उजेड येत होता. तो येत होता हे खरं.

दहावीत स्मिथीला, म्हणजे लोहारकामाला, मी आईसाठी खुरपं ठोकलं. लालबुंद करून पाण्यात बुडवलं, चर्र आवाज आला, माझी छाती फुगली. पहिल्याच निंदणीला त्याची धार वळली. आई म्हणाली, “हाई खुरपं शे का पापड?”

मी ते सरांकडे नेलं. त्यांनी ते ग्राइंडरला लावलं. लांब, सरळ ठिणग्या निघाल्या. मग ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा लावला, तर प्रत्येक ठिणगीला फुलबाजीसारखे फाटे फुटले. माझं खुरपं माइल्ड स्टीलचं, म्हणजे साध्या लोखंडाचं. त्यात कार्बन इतका कमी असतो, की पाणी पाजून ते म्हणावं तसं कडक होत नाही. पाट्यात कार्बन पुरेसा असतो. गावचा लोहार भंगारातून पाटेच का उचलतो, ते मला तेव्हा उमगलं. त्याला विचारलं असतं तर त्याने दोन वर्षं आधीच सांगितलं असतं म्हणा.

दुसरं खुरपं पाट्याचं केलं. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत, आणि वर थोडं अधिक, तापवलं आणि जळक्या इंजिन ऑइलमध्ये बुडवलं. मग एक बाजू घासून चकचकीत केली आणि तिच्यावर वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत पुन्हा हलकं शेकलं.

त्या खुरप्याची मूठ तीनदा बदलली, पातं झिजून दोन बोटं उरलं. आई त्याला कधी चांगलं म्हणाली नाही. पण निंदणीला आलेल्या बायांना खुरपी वाटताना ते एक मात्र ती पदराखाली धरून ठेवायची.