हात खांबावर, नजर खांबावर

ग्वाल्हेरला आत्याकडे पोचले त्या रात्री जेवणं झाल्यावर सगळे गाद्या घेऊन गच्चीवर गेले. मे महिन्यात लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या घरांमध्ये खोलीत झोपवतच नाही. मी मात्र जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडले. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा, पलीकडे तीन मजले खाली गल्ली. पोटऱ्या थरथरायला लागल्या, तळव्यांना घाम फुटला. "डोकं दुखतंय" असं सांगून खाली कूलरसमोर जाऊन झोपले. कितीतरी वर्षं मी हेच कारण सांगत आले आहे.

आतेभावाने ओळखलं. तो मोबाइल टॉवरवर अँटेना बसवतो, कमरेला पट्टा बांधून दिवसदिवस वर असतो. पहाटे चहाचा कप हातात देत म्हणाला, "ताई, चल, किल्ल्यावर जाऊ. ऊन चढायच्या आत परत येऊ."

गाडी उरवाई दरवाजाने वर जाते. आम्ही पूर्वेकडून, गुजरी महालापासून पायी चढलो. चढ खडा आहे, पण बाजूला खडक असेतो मला त्रास होत नाही. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, खडकातच कोरलेलं, लहानसं. इथल्या 876 सालच्या शिलालेखात शून्य गोल काढून लिहिलेलं आहे: देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात, रोजचे हार 50. एका हाताचा अंदाज दीड फूट धरला तर 270 हात म्हणजे सव्वाशे मीटरच्या आत-बाहेर. टेकडीची उंची शंभरेक मीटर. बागेतलं तेवढं अंतर मी गप्पा मारत चालले असते. तेच उभं केलं की माझे पाय ऐकत नाहीत.

मानमंदिर महालाच्या निळ्या फरशा आणि त्यांवरची पिवळी बदकं बघून आम्ही सास-बहू मंदिराकडे गेलो. मूळ नाव सहस्रबाहू. कच्छपघात राजा महीपालाच्या काळातलं, 1093 सालचं. हे देऊळ थेट तटाजवळ आहे. बाहेर आले, खाली गाव दिसलं, आणि छाती धडधडायला लागली. सगळं वातावरण मागून मला पुढे ढकलतंय असं वाटलं. मी मटकन खाली बसले.

"लांब बघू नकोस," भाऊ म्हणाला. "हात खांबावर ठेव, नजरही खांबावरच ठेव. ही कमळाची पाकळी बघ." टॉवरवर त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात: दोन हात, दोन पाय, यांतले तीन कायम लोखंडावर, आणि डोळे समोरच्या नटबोल्टवर.

याचं कारण मला नंतर वाचून समजलं. उभा माणूस सतत किंचित डुलत असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव, तळपाय आणि डोळे मिळून ते डुलणं सावरतात. जवळची वस्तू जराशी सरकलेली डोळ्यांना लगेच कळते. कड्यावर सगळ्यांत जवळची वस्तूच शंभर मीटरवर, मग ते सरकणं डोळ्यांना टिपताच येत नाही. डुलणं वाढतं आणि शरीर घाबरतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला भित्री समजत होते. विमानात खिडकीशी बसून मला काहीच का होत नाही, याचाही उलगडा थोडासा झाला: तिथे पाठ खुर्चीला टेकलेली असते आणि खिडकीची चौकट हाताशी असते.

पाकळीवर बोट ठेवून मी दहा मिनिटं बसले. मग उभी राहिले. मग त्याच खांबाला धरून एकदा गावाकडे पाहिलं, पुन्हा पाकळीकडे, पुन्हा गावाकडे. चौथ्या वेळी घरांच्या गच्च्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या.

बसल्या बसल्या भावाने 1780 ची गोष्ट सांगितली. तेव्हा किल्ला महादजी शिंद्यांकडे होता. 3 ऑगस्टच्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपम या अधिकाऱ्याच्या तुकडीने लाकडी शिड्या लावून तो घेतला. पाय घसरू नयेत, आवाज होऊ नये म्हणून शिपायांना कापूस भरलेले जोडे दिले होते. लष्करातल्या मराठी घरांत ही गोष्ट आपल्या हातून किल्ला गेल्याची म्हणून सांगतात. मला मात्र त्या अंधारात शिडीवर पाय ठेवणारा शिपाई दिसत राहिला. त्याला समोर फक्त दगड दिसला असेल, बोटभर अंतरावरचा. त्यानेच त्याला वर नेलं असेल.

उतरताना उरवाईच्या बाजूने आलो. कड्यात तोमरांच्या काळात, पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. आदिनाथांची उभी मूर्ती सत्तावन्न फुटांच्या आसपास. खाली उभं राहून मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. तिथे कोणीतरी छिन्नी धरून दिवसचे दिवस काम केलं असणार.

"मचाण बांधून," भाऊ म्हणाला. "नाहीतर दोर लावून. आम्हीही तसंच करतो."

रात्री मी गादी घेऊन गच्चीवर गेले. जिन्याच्या भिंतीला हात लावत पुढे झाले आणि गादी कठड्यापासून चार हात अलीकडे घातली. आत्याने न बोलता आपली गादी सरकवून माझ्या आणि कठड्याच्या मध्ये आणली.