टाचेवरचा फोड

नवी चप्पल 'चावते' हा आपल्या भाषेतला प्रयोग किती अचूक आहे, हे पाच दिवसांपूर्वी माझ्या उजव्या टाचेने मला पुन्हा एकदा पटवून दिले. अर्ध्या तासाच्या चालण्यानंतर पट्ट्याखाली एक गोल, टपोरा फोड उभा राहिला होता, आणि तो फोडावा की तसाच राहू द्यावा या विचारात मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसलो. पाहता पाहता एका गोष्टीचे नवल वाटू लागले. पट्ट्याने घासून घासून कातडीचा वरचा भाग खालच्या भागापासून चक्क सुटा केला होता आणि त्या दोहोंच्या मध्ये स्वच्छ पाणी साचले होते, परंतु रक्ताचा टिपूससुद्धा कोठे दिसत नव्हता.

याचे कारण असे की कातडीच्या ज्या भागात ही फाटाफूट झाली, त्या भागात रक्तवाहिन्या मुळी नसतातच. तो भाग म्हणजे अभिस्तर ऊती. (ऊती म्हणजे एकाच कामासाठी एकत्र आलेल्या सारख्या पेशींचा समूह.) आपल्या शरीराच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, आतल्या प्रत्येक पोकळीवर आणि नळीवर पसरलेले जे अस्तर असते, ते या ऊतीचे बनलेले असते. तिच्यातल्या पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात की दोघींच्या मध्ये जवळजवळ काहीच उरत नाही, आणि त्या सगळ्या मिळून एका पातळ तंतुमय आधारपटलावर बसलेल्या असतात. रक्तवाहिन्या या पटलाच्या खालीच थांबतात. वरच्या पेशींना जो प्राणवायू आणि जे अन्न लागते, ते खालून पाझरत येईल तेवढ्यावर भागवावे लागते. संपूर्ण देहाची राखण करणारी ही ऊती स्वतः मात्र शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरते. चेतातंतूंचे तसे नाही, ते या थरात शिरतात, आणि म्हणूनच रक्त न सांडताही टाच ठणकत होती.

या पेशींची आणि माझी पहिली भेट शाळेच्या प्रयोगशाळेत झाली होती. दात कोरण्याच्या काडीचे बोथट टोक गालाच्या आतून हलकेच फिरवायचे, जे निघेल ते काचपट्टीवर पसरायचे, त्यावर मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकात डोकावायचे, एवढाच तो प्रयोग. मला दिसल्या त्या फिकट निळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या चपट्या फरश्या. काहींचे कोपरे दुमडलेले होते आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद निळा ठिपका होता. ते केंद्रक. काडीच्या इतक्या हलक्या स्पर्शाने आपल्या शरीराचा एक भाग सुटून येतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही, याची तेव्हा थोडी भीतीच वाटली होती. गालातल्या अस्तराचे कामच मुळी वरचा थर झिजू देण्याचे आणि खालून नवा पाठवण्याचे आहे, हे पुष्कळ उशिरा समजले.

या ऊतीच्या पाश्चात्य नावाची कथा मोठी विचित्र आहे. डच शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश यांना अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओठांवरच्या आणि स्तनाग्रांवरच्या नाजूक आवरणासाठी शब्द हवा होता. त्यांनी 'वर' आणि 'स्तनाग्र' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'एपिथेलियम' हा शब्द घडवला, आणि पुढे तोच सगळ्या देहाच्या अस्तराला चिकटला. 'अभिस्तर' हा आपला शब्द बोजड वाटतो खरा, पण तो निदान वरच्या थराविषयी बोलतो. ऊती ही संकल्पना रुजवणाऱ्या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ झेवियर बिशा यांनी 1801 मध्ये शरीरातील 21 ऊती मोजल्या, आणि तेही सूक्ष्मदर्शकावर विश्वास न ठेवता, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी. आज मुख्य ऊती चारच मानल्या जातात. त्यांत पहिले नाव अभिस्तराचे घेतले जाते, आणि ते मला योग्य वाटते.

ते योग्य का, हे सांगायचे तर 'आत' आणि 'बाहेर' या दोन साध्या शब्दांकडे यावे लागते. घास गिळला की तो आपल्या आत गेला असे आपण समजतो. वास्तविक तोंडापासून गुदद्वारापर्यंतची अन्ननलिका हा देहातून आरपार गेलेला बोगदा आहे आणि त्याची दोन्ही तोंडे बाहेरच्या जगात उघडतात. पोटात पोहोचलेला घास अजून बाहेरच असतो. आतड्याच्या अस्तरातली एकच पेशी ओलांडून तो रक्तापर्यंत पोहोचेल, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने आपला होईल. श्वासाचेही तेच. देहाची वेस कोठे आहे, असे कोणी विचारले तर आपण कातडीकडे बोट दाखवू, पण खरी वेस त्याहून कितीतरी लांब आणि वळणावळणाची आहे, आणि ती सगळीच्या सगळी अभिस्तराने आखलेली आहे.

मग या वेशीची जाडी कोणी ठरवावी? ती कामाने ठरते. जिथे घासणे आणि ओरबाडणे आहे तिथे पेशींचे थरावर थर रचलेले असतात, आणि जिथे देवाणघेवाण आहे तिथे एकच थर पुरतो. 'ओठांत एक आणि पोटात एक' हे आपण दुटप्पी माणसाला म्हणतो, पण अभिस्तराच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. ओठांपासून घशाखालच्या नळीच्या शेवटापर्यंत स्तरित पट्टकी अभिस्तर असते, म्हणजे चपट्या पेशींचे अनेक थर. जठर सुरू होते तिथे एका नागमोडी रेषेवर ते एकाएकी संपते आणि उंच, खांबांसारख्या पेशींचे एकेरी स्तंभीय अभिस्तर सुरू होते. मध्ये उतरण नाही, तडजोड नाही. जणू एका घराची फरशी संपून दुसऱ्याची सुरू व्हावी.

फुफ्फुसांत हा थर कमालीचा पातळ होतो. वायुकोशाची, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशवीची, चपटी पेशी, तिला लागून असलेल्या केशवाहिनीची तितकीच चपटी पेशी आणि दोघींच्या मधले सामाईक पटल, हे सगळे मिळूनही बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी भरते. असे सुमारे 70 चौरस मीटर अस्तर छातीत घडी घालून ठेवलेले असते. श्वासनलिकेत मात्र पक्ष्माभी अभिस्तर असते. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, आणि या पेशींच्या माथ्यावर खरोखरच तसे सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेने लवतात आणि धूळ चिकटलेला श्लेष्मा घशाकडे वर सरकवत राहतात. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकेत धुराला कंटाळून या पेशी हळूहळू आपले रूप पालटतात आणि त्यांच्या जागी चपटे, जाड थर येतात. धुराला ते अधिक चिवट असतात खरे, पण त्यांना केस नसतात. झाडू टाकून ढाल हाती घेतली की केर साचणारच, आणि तो उपसायला शेवटी खोकल्यालाच यावे लागते.

सगळ्यांत अधिक जीव माझा आतड्याच्या अस्तरात अडकतो. त्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते, असे आम्ही शाळेत घोकले होते. 2014 मध्ये दोन स्वीडिश संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे अस्तर साधारण 32 चौरस मीटर भरले. टेनिसचे मैदान गेले, बॅडमिंटनचे अर्धे मैदान उरले. तेही काही थोडे नाही. इथल्या प्रत्येक पेशीला डोके आणि पाय आहेत, आणि दोन्हीकडचे कारभार निराळे आहेत. डोक्याकडच्या पृष्ठभागावर असलेले एक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेते, आणि पायाकडचे दुसरे प्रथिन ते ग्लुकोज रक्ताच्या दिशेने सोडते. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग येथे ही जोडीची कल्पना मांडली. जुलाबाने गळून गेलेल्या मुलाला नुसते पाणी न देता मीठ आणि साखर घातलेले पाणी का द्यायचे, याचे उत्तर या एका पेशीच्या डोक्यात आहे. साखर मिठाला हाताला धरून आत नेते आणि त्या दोघांच्या पाठोपाठ पाणी जाते.

पण हा सगळा व्यवहार पेशीच्या आतूनच व्हायचा, तर दोन पेशींमधल्या फटी बुजवलेल्या हव्यात. जुन्या सूक्ष्मदर्शकांना त्या जागी नुसती एक काळी रेघ दिसे आणि तिथे काहीतरी सिमेंटसारखे असावे असे मानले जाई. 1963 मध्ये मेरिलिन फार्कुहार आणि जॉर्ज पॅलाडी या पेशीशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ उलगडून दाखवली. वर गळती रोखणारा घट्ट जोड, त्याखाली पट्ट्यासारखा दुसरा जोड आणि त्याखाली बटणांसारखे डेस्मोसोम, अशी ती रचना निघाली. माझ्या टाचेत ही बटणे पुष्कळ असतात. चपलेच्या पट्ट्याने फाटाफूट केली, ती तिथल्याच मधल्या थरांतल्या पेशींची.

मूत्रपिंडाच्या नलिकांतले घनाभरूप, म्हणजे ठोकळ्यांसारख्या पेशींचे, अभिस्तर इथे नुसते उल्लेखून पुढे जातो. मूत्राशयाच्या अस्तराला मात्र दाद दिलीच पाहिजे. ते रिकामे असताना पेशींचे पाच-सहा थर दिसतात, आणि भरले की त्या ताणल्या जाऊन दोन-तीनच थर असल्यासारखे भासते, तरीही आतला थेंब बाहेर झिरपत नाही. ग्रंथीसुद्धा याच घराण्यातल्या आहेत. अस्तराचा एखादा भाग खाली खोल उतरतो आणि तिथे स्रवू लागतो. घामाची, लाळेची आणि अश्रूंची ग्रंथी अशीच तयार होते. काहींची पृष्ठभागाशी असलेली नळी पुढे तुटते, आणि मग अवटु (थायरॉइड) ग्रंथीसारख्या त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. त्वचेतल्या तैलग्रंथीच्या पेशी तर तेलाने भरून फुटतात आणि स्वतःच तो स्राव होतात.

इतकी झीज सोसायची म्हणजे सतत नवे घडवणे आले. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते, कातडीच्या वरच्या थराला काही आठवडे लागतात. सतत विभागणाऱ्या या पेशींवरच धूर, ऊन आणि रसायने यांचा पहिला मारा होतो, आणि म्हणून प्रौढ माणसांतले बहुसंख्य कर्करोग याच ऊतीत उगवतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. जोवर बिघडलेल्या पेशी आधारपटलाच्या वर आहेत तोवर त्यांना रक्तवाहिन्यांची वाट सापडलेली नसते, आणि वेळीच केलेल्या तपासणीची सगळी मदार या एका पटलावर असते. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी हर्बर्ट ट्राउट यांच्यासह 1943 मध्ये ज्या 'पॅप' तपासणीवर पुस्तक लिहिले आणि जिच्यामुळे पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे असंख्य मृत्यू टळले, तिच्यातही सुटून आलेल्या पेशी काचेवर पसरून, रंगवून पाहतात. शाळेतली ती दात कोरण्याची काडी मला त्यामुळे आता पोरखेळ वाटत नाही.

फोड मी फोडला नाही. त्याचे छप्पर हीच सर्वांत चांगली पट्टी असते आणि तिच्याखाली तळाच्या पेशी साधारण एका दिवसात झपाट्याने विभागू लागतात, असे वाचले होते. पाणी आपोआप जिरले. आज पाचव्या दिवशी अंघोळीच्या वेळी वरचा वाळलेला पापुद्रा सुटून हातात आला. तो उजेडासमोर धरला, तर त्यातून खिडकीचे गज दिसत होते. खाली टाचेवर गुलाबी, तुकतुकीत कातडी होती. बोट लावून पाहिले. दुखत नव्हते.