लेसोथोला बाळंतविडा

बुधवार, १२ नोव्हेंबर, रात्री

आज तिसरं झबलं उतरलं सुईवरून. गडद लाल, बाह्यांना हळदी पट्टा. गळा मोकळा झालाय का बघायला घरातला सोललेला नारळ त्यातून घालून बघितला, आरामात गेला. मागच्या वेळी अडकला होता आणि सगळा गळा उसवायला लागला होता. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, अंगाच्या मानाने डोकंच मोठं, गळा घट्ट असेल तर त्या घाईत कोण खटपट करत बसणार, झबलं तसंच पडून राहील.

इंग्लंडात लेस्टरला लेकीकडे आल्यापासून दर बुधवारी लायब्ररीत जाते. आम्ही आठ-दहा जणी बसून विणतो. इथे या झबल्यांना 'फिश अँड चिप्स' झबली म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही कळलंच नाही. मग शेजारच्या आजींनी सांगितलं की आफ्रिकेत दक्षिणेकडे काही दवाखान्यांतून बाळं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी जायची कारण अंगावर घालायला कपडाच नसायचा, आणि इथे पूर्वी तळलेले मासे-बटाटे वर्तमानपत्रात बांधून द्यायचे, त्यावरून हे नाव. आपण भेळ बांधून घेतो तशा कागदात बाळ! ते हललं की कागद कसा वाजत असेल, तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना, त्या रात्री घास उतरला नाही.

झबलं सोपं आहे तसं. पुढची-मागची बाजू सलग, मध्ये गळा, घडी घालून दोन्ही कडा शिवायच्या. खाली एक सुलट एक उलट, म्हणजे ताणलं जातं आणि बाळ वाढलं तरी काही महिने पुरतं. जाळीची नक्षी नको, इवली बोटं अडकतात. बटणं नकोत, रिबिनी नकोत. पांढरा रंग नको, कारण रोज धुवायला पाणी कुठून आणणार त्या बायका. मी हौसेने आणलेली मोतिया लोकर तशीच ठेवून दिली.

आमचा गठ्ठा लेसोथोला जाणार. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला छोटासा डोंगराळ देश, त्यांची सगळ्यात खालची जागासुद्धा साधारण १,४०० मीटरवर, म्हणजे आपलं महाबळेश्वर जिथे संपतं तिथे त्यांचं सुरू होतं, आणि वर जून-जुलैत बर्फ. मोठी माणसं लोकरी ब्लँकेट पांघरूनच फिरतात. दर ५ मोठ्या माणसांत जवळजवळ १ जण एचआयव्ही असलेला, किती पोरं आजीच्या पदरात वाढतायत. आणि मोहेर, म्हणजे अंगोरा शेळ्यांची लोकर, पिकवण्यात जगात दुसरा नंबर त्यांचा! लोकर बाहेर जाते, बाळ उघडं. हे मला फार लागलं.

लेक म्हणाली, आई, पैसे पाठव ना, तिकडेच विकत घेतील, तिथल्या विणणाऱ्या बायकांनाही काम मिळेल. बरोबर आहे तिचं. पैसेही देणारच आहे मी. पण ही स्वतः ३२ व्या आठवड्यात झालेली, पुण्यात, डिसेंबरात. नर्स दर थोड्या वेळाने पोटाला हात लावायची आणि मग तळव्यांना, पोट गरम आणि तळवे गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय, असं तिनेच मला शिकवलं. दिवसभर छातीशी धरून बसायचे मी हिला, आणि बाहेरच्या बाकावर माझी आई टोपडं विणत बसलेली, कारण घरी करून ठेवलेला बाळंतविडा हिला सगळाच मोठा होत होता. पहाटे तिने ते टोपडं आणून हातात दिलं, मुठीएवढं, तिच्या हातांनी अजून कोमट.

त्या कागदातल्या बाळासाठी कुणी बाळंतविडा केलेलाच नाही, ना आईकडून ना आत्याकडून, येण्याआधी कुणी त्याच्या मापाचा विचार केलेला नाही. म्हणून मला विणायचंय. नारळ घालून बघायचाय.

चौथ्याचे टाके घालून ठेवलेत, निळी लोकर आहे. खोकं जानेवारीत बंद होणार, म्हणजे तिकडची थंडी सुरू व्हायच्या आत पोचेल. उरलेल्या लाल लोकरीत एक टोपडं बसेल असं वाटतंय, उद्या सकाळी उजेडात गुंडा तोलून बघते.