एका बाणाचा हिशेब
खानापुरात दिवसभर पावसाची झड होती, म्हणून १९९० साली सुरू झालेल्या ‘फायर एम्ब्लेम’ या आळीपाळीने खेळायच्या युद्धाच्या व्हिडिओ गेम मालिकेतला एक डाव क्लासिक पद्धतीने, म्हणजे पडलेला योद्धा परत मिळत नाही अशा नियमाने, मांडला. तलवारीवर भाला सरस ठरतो, एवढ्याच भरवशावर मी पेगाससवर, म्हणजे पंख असलेल्या घोड्यावर, स्वार असलेली भालाईत एकटीच पुढे धाडली. उडणाऱ्यांना बाण अधिक घातक ठरतो हे ठाऊक असूनही शत्रूच्या धनुर्धराचा पल्ला मोजला नाही, आणि त्याच्या पाळीत ती एकाच बाणात गेली. चिलखतधारी शिपाई अरुंद पुलाच्या तोंडाशी उभा करून मागे उपचार करणारी ठेवली असती, तर शत्रू एकेक करून अंगावर आला असता. “रिसेट कर की रे दादा,” धाकटा म्हणाला. (त्याला काय, तिला वाढवले मी होते.) रिसेट न करता पुढची पाळी खेळलो.