चिठ्ठीवरचे नऊ ठिपके

साताऱ्यात पोवई नाक्याच्या जवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यात मला १४ वर्षं झाली. पुढं जे सांगतोय ते मागच्या वर्षीचं. त्या ताईंची ओळख लागू नये म्हणून त्यांची नोकरी, महिने, तारखा असं बरंच बदललंय. तारखा सोडल्या तर फोनमध्ये जे सापडलं आणि दुकानात जे घडलं त्यात मात्र काही बदल नाही.

त्या एका पतसंस्थेत कामाला. संध्याकाळी सहाला आल्या. "दादा, बॅटरी टिकत नाही. सकाळी शंभर टक्के करून निघते, डबा खायच्या वेळेला वीसवर. पर्समध्ये नुसता पडलेला असतो तरी तापतो."

दोन महिन्यांपूर्वी त्याच फोनचा फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा सेट, माझ्याकडंच बदलला होता. त्यामुळं पहिली शंका माझ्यावरच आली. फोल्डर बसवताना स्ट्रिप, म्हणजे आतली चपटी वायर, दबली असेल, किंवा फोल्डरच जास्त करंट खेचत असेल. अशी तक्रार आली की आमच्या लाइनीतले निम्मे लोक डोळे झाकून बॅटरी बदलतात. गिऱ्हाईक आठवडाभर खूश, मग परत येतं, मग "बोर्डात फॉल्ट आहे" म्हणून अजून हजार रुपये. मला ही पद्धत आवडत नाही. फोन काय करतोय ते आधी बघावं, मग पैसे सांगावेत.

मी बॅटरी काढून फोन डीसी मशीनला लावला. या मशीनवर फोन किती करंट खेचतो ते दिसतं, आणि जाणत्या माणसाला त्या आकड्यावरून निम्मा आजार कळतो. पॉवर बटण दाबायच्या आधीच काटा हलला तर बोर्डात लीकेज. बटण दाबल्यावर एकदम वर जाऊन तिथंच अडकला तर शॉर्टिंग. मग बोर्डावर रोझिनचा, म्हणजे राळेचा, पातळ धूर बसवायचा आणि कुठल्या कपॅसिटरवरचा पांढरा थर आधी वितळतो ते बघायचं. इथं बटणाच्या आधी शून्य होतं. फोन चालू झाला, स्क्रीन बंद केली. चांगला फोन दोन-तीन मिनिटांत झोपतो आणि आकडा अगदी खाली येतो, मधूनच एखादी उचकी लागते तेवढीच. हा झोपेचना. दीडशे मिलिअँपिअर, दोनशे, परत दीडशे. थर्मल कॅमेऱ्याखाली धरला तर नेटवर्कच्या बाजूला आणि प्रोसेसरवर गरम, बाकी बोर्ड थंड. कुठला पार्ट खराब असेल तर एक ठिपका लाल दिसतो. इथं तसं नव्हतं. हा फोन काम करत होता.

मी एरोप्लेन मोड टाकला. मिनिटभरात आकडा खाली बसला. काढला, परत वर चढला. चार वेळा करून बघितलं. बोर्ड निर्दोष होता. फोन बाहेर काहीतरी पाठवत होता.

परत एरोप्लेन मोड टाकून मी त्यांच्या समोर बसून फोन बघायला घेतला. बॅटरीच्या यादीत पहिल्या नंबरला एका अॅपचं नाव होतं, वाचून वाटावं की हे फोनचंच असेल, 'सिस्टिम' आणि 'सर्व्हिस' असे शब्द असलेलं. होम स्क्रीनवर त्याचा आयकॉन नाही. महिनाभरात त्यानं ४ जीबीच्या वर डेटा वापरलेला. अॅक्सेसिबिलिटीमध्ये गेलो, तिथं ते चालू. ही सोय ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेली आहे, स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवायला. म्हणूनच ती ज्याला दिली त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं. नोटिफिकेशन वाचायची परवानगी, चालू. लोकेशन, कायम. डिव्हाइस अॅडमिनमध्येही तेच नाव, त्यामुळं अनइन्स्टॉलचं बटण करडं, दाबलं तरी दबत नाही. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अॅप पकडणारी गूगलची तपासणी, बंद करून ठेवलेली.

"ताई, रात्री कधी वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो का?"

"दिसतो की. उशाशी असतो तेव्हा बऱ्याचदा. चार्जिंगचा असंल म्हटलं."

अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, माईक किंवा कॅमेरा चालू असला की तो ठिपका येतो. एवढी चांगली सोय दिली, पण तो ठिपका म्हणजे काय हे माणसाला कुणी सांगितलंच नाही. माझ्या दुकानात दिवसाला एक तरी माणूस विचारतो, "फोन आपलं बोलणं ऐकतो का हो? कुलरचं बोललो तर कुलरची जाहिरात आली." अमेरिकेतल्या कंपनीची भीती सगळ्यांना आहे, आणि ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तोच माणूस फोन टाकून जाताना आपला पॅटर्न स्वतःच्या हातानं काढून देतो.

मी त्यांना सांगितलं, फोनमध्ये कुणीतरी पाळत ठेवणारं अॅप टाकलंय. त्या काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी आईला फोनवर जे सांगायची ते यांना माहीत असायचं. मला वाटायचं आईच सांगते. दोन महिने मी आईशी नीट बोललेली नाही, दादा."

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

उत्तर माझ्या समोरच होतं. ज्या फाईलवरून ते अॅप टाकलं ती डाउनलोड्समध्ये तशीच पडलेली, १७ जुलै, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. मला ती तारीख ओळखीची वाटली. मी रजिस्टर काढलं. त्या दिवशी सकाळी ११ ला हा फोन फोल्डर बदलायला माझ्या दुकानात जमा झाला होता. संध्याकाळी ५ ला त्यांच्या मिस्टरांनी सही करून नेला होता. पावतीला टाचलेल्या चिठ्ठीवर नऊ ठिपके आणि त्यावर त्यांच्या हातानं ओढलेली रेघ. त्यांच्या लेकाच्या नावाचं पहिलं अक्षर, इंग्रजीतलं.

नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ पॅटर्न निघतात. माझ्याकडच्या चिठ्ठ्या चाळल्या तर दहा-बारा आकार परत परत दिसतील. एल, झेड, एम, नाहीतर मुलाचं अक्षर. पण चिठ्ठी टाचलेलीच असली तर सोपा काय आणि अवघड काय.

"म्हणजे इथंच?" त्यांनी विचारलं.

"हो. इथंच."

काउंटरच्या मागं माझा कारागीर पोरगा बसला होता. वय १९. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येत नव्हता. आज तो मायक्रोस्कोपखाली केसाएवढी जंपर वायर ओढतो, आयसी रिबॉल करतो, म्हणजे चिपखालचे सोल्डरचे टाके नव्यानं बसवतो, आणि बोर्डावर फ्लक्सचा डाग ठेवत नाही. माझ्यापेक्षा त्याचा हात स्थिर आहे, हे मी चार लोकांत सांगत आलो. त्याला आत नेऊन विचारलं. त्यानं लपवलं नाही.

"भाऊ, नवरा होता त्यांचा. फोनचं बिल पण त्याच्या नावावर. म्हणाला काळजी वाटते म्हणून टाकायचंय. फाईल त्यानंच पाठवली. पाचशे दिले. बाहेरचा कोण असता तर मी केलं असतं का?"

मी त्याच्यावर ओरडलो, पण त्यात अर्धा राग माझ्यावरचाच होता. चिठ्ठीवर पॅटर्न लिहून घ्यायची पद्धत माझी. चिठ्ठ्या उघड्या ट्रेमध्ये असायच्या. आणि 'घरचाच माणूस आहे' म्हणून मीही याआधी फोन दुसऱ्याच्या हातात दिलेले आहेत. बायकोचा फोन नवऱ्याला, पोरीचा बापाला. कधी पावतीसुद्धा मागितली नाही. आमच्याकडं बायकांचा फोन हा घरचा फोन असतो आणि पुरुषाचा फोन त्याचा असतो. नवऱ्याचा फोन बायको न्यायला आली की आम्हीच त्याला विचारायला फोन लावतो. चौदा वर्षं हे मी रोज बघितलं आणि एकदाही खटकलं नाही.

बाहेर आलो तर त्या फोनकडंच बघत होत्या. मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या, अॅडमिनमधून काढून उडवून टाकतो."

"थांबा." त्यांनी फोनवर हात ठेवला. "काढलं तर त्यांना कळंल ना?"

कळलं असतं. पलीकडं दिसणं बंद झालं असतं आणि तासाभरात घरी विचारणा झाली असती. घरी काय होतं ते त्यांना ठाऊक, मला नाही. मी धूळ साफ करावी तसा ते साफ करायला निघालो होतो. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्यांनीच तोड काढली. फोन माझ्याकडं राहील. घरी सांगायचं, रिपेरला टाकलाय. आणि एरोप्लेन मोड काढून फोन चालू ठेवायचा. "बंद दिसला तर शोधत येतील. तुमच्या दुकानात दिसला तर निवांत राहतील." मी त्या फोनच्या स्क्रीनचे दुसऱ्या मोबाईलवरून फोटो काढून त्यांच्या बहिणीच्या नंबरवर पाठवले, कारण त्याच फोनवर स्क्रीनशॉट काढला असता तर तोही पलीकडं गेला असता. त्या गेल्या. बॅटरी बसवून, चार्जिंगला लावून फोन मी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

सहा दिवस तो तिथं होता. त्या ड्रॉवरपाशी मी हळू बोलायचो. गिऱ्हाईकाशी पैशाचं बोलायचं झालं तरी दुसऱ्या टोकाला जायचो. पोराला दुसऱ्याच दिवशी सकाळी हिशेब करून घरी पाठवलं. रात्री शटर ओढायच्या आधी ड्रॉवर उघडून बघायचो. फोन कोमट असायचा आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. रिकाम्या दुकानाचा आवाज कुणीतरी ऐकत होतं.

ओळखीच्या एका वकिलांना नाव न सांगता विचारलं. त्यांनी सांगितलं की बाई इंटरनेट, ईमेल, फोन कसा वापरते यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये गुन्हा आहे. जुन्या भादंविमध्ये तेच ३५४-ड होतं. नवरा असला म्हणून त्यात सूट लिहिलेली नाही. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीशिवाय शिरणं हे आयटी कायद्यात वेगळं येतं. मी विचारलं, आणि टाकून देणारा? ते म्हणाले, "तो काय बाहेर राहतो का?"

तिसऱ्या दिवशी मिस्टर आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम मऊ. "काय झालंय फोनला?"

"चार्जिंग आयसी गेलाय. पुण्याहून मागवलाय, बुधवार पेठेत पण शिल्लक नाही म्हणाले."

"घाई नाही, नीट करा." मग इकडंतिकडं बघून, "तो पोरगा दिसत नाही?"

"गावाला गेलाय."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मी गिऱ्हाईकाशी खोटं बोललो होतो आणि माझा हात थरथरत होता. तो माणूस लग्नात भेटला असता तर मी त्याला भला माणूस म्हटलं असतं.

आता दुकानात चिठ्ठी बंद आहे. फोल्डर बदलला की टच आणि कॅमेरा गिऱ्हाईकासमोर, त्याच्याच बोटानं तपासतो. फोन ठेवून जायचाच असेल तर आधी मेंटेनन्स मोड लावायला सांगतो. सॅमसंगमध्ये तो २०२२ पासून आहे, पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' नावानं २०२३ च्या शेवटी आला. तो लावला की कारागिराला फोन चालू करून तपासता येतो, पण फोटो, मेसेज काही उघडत नाही, आणि बंद करायला मालकाचंच लॉक लागतं. दोन मिनिटांचं काम आहे. लोक चिडतात. "आमच्यात लपवण्यासारखं काय आहे? घ्या लिहून." शेजारच्या दुकानात अजून लिहून घेतात, म्हणून काही गिऱ्हाईकं तिकडं जातात. माझा तो कारागीर पोरगाही आता तिथंच कामाला आहे.

सातव्या दिवशी त्या ताई बहिणीला घेऊन आल्या. फोन आहे तसा नेला, काही काढू दिलं नाही. तक्रार करायची होती. त्यासाठी मी काय बघितलं ते दुकानाच्या लेटरहेडवर लिहून मागितलं. मी लिहिलं. अॅपचं नाव, परवानग्या, फाईलची तारीख आणि वेळ, रजिस्टरमधल्या जमा आणि परतीच्या नोंदी. 'सदर अॅप हा मोबाईल माझ्या दुकानात दुरुस्तीसाठी असताना टाकलेला दिसून येतो' हे वाक्य लिहायला मला पाच मिनिटं लागली. सही केली, शिक्का मारला.

कोणी टाकलं ते लिहिलं नाही. त्या कागद दोनदा वाचत होत्या. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. त्यांनी घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बॅटरी तपासायचे किती द्यायचे?"

मी काही घेतलं नाही. त्यांनी तरी पन्नासची नोट काउंटरवर ठेवली. पोलीस अजून माझ्याकडं आलेले नाहीत. पोराचं नाव मागितलं जाईल त्या दिवसासाठी जुलैचं रजिस्टर मी वेगळं काढून ठेवलंय, चिठ्ठी अजून त्याच पानाला टाचलेली आहे.