मेणाच्या एका ठोकळ्यासाठी १९ दिवस : मुलाचा क्रोन्स, मुलीचा क्रोन्स, माझा अनुभव

माझ्या दोन्ही मुलांना क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज आणि जखमा होणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. थोरल्याला साडेतेराव्या वर्षी निघाला, धाकटीला गेल्या वर्षी, ती पावणेतेरा वर्षांची असताना. आजार तोच, पण मुलात तो वेगळा दिसला आणि मुलीत वेगळा, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर धाकटीचे सात-आठ महिने वाया गेले नसते. आणि खरं सांगायचं तर धाकटीच्या बायोप्सीचा मेणाचा ठोकळा ज्या पॅथॉलॉजीच्या खिडकीवर १९ दिवस अडकला तिथला राग अजून गेलेला नाही म्हणून पण लिहितेय.

थोरल्याचं थोडक्यात सांगते. आठवीत होता तरी पाचवीतल्या मुलाची पँट व्हायची. पोट फार दुखायचं नाही, जुलाब कधीमधी. सासूबाई म्हणायच्या, याचे बाबापण दहावीनंतरच वाढले, डॉक्टरही म्हणाले मुलं उशिरा उंच होतात, थांबा. शेवटी दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी शाळेच्या प्रगतिपुस्तकांतल्या उंच्या घेऊन तक्त्यावर ठिपके मांडले तेव्हा दिसलं की तीन वर्षं रेघ जवळजवळ आडवीच आहे. (प्रगतिपुस्तकं टाकू नका, दवाखान्याच्या फाइलीत वजन असतं, उंची कोणी लिहीतच नाही.) पुढे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, पुण्याचे डॉक्टर, आठ आठवडे जेवण बंद आणि फक्त पावडरचं दूध, मग इन्फ्लिक्सिमॅब (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं औषध), सगळं सुरळीत झालं. डाव्या मनगटाचा एक्सरे काढला तर हाडांचं वय ११ निघालं. डॉक्टर म्हणाले, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट, वाढायला अजून जागा आहे. आणि खरंच दोन वर्षांत १४ सेंटीमीटर वाढला.

तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की लहान वयात क्रोन्स मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त सापडतो आणि उंची खुंटणंही मुलग्यांमध्येच जास्त. (अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा असाच दुसरा आजार, त्यात असा फारसा फरक नसतो.) मी ते डोक्यात असं बसवून घेतलं की हा मुलग्यांचा आजार. तिथे चुकलं माझं.

धाकटीचं पोट दुखायला लागलं त्याच सुमाराला तिची पाळी सुरू झाली. मग काय, पोट दुखतंय, पाळीचं असेल. हिमोग्लोबिन ८.१, पाळीमुळे असेल, लोहाच्या गोळ्या द्या. जेवत नाही, तर आत्याबाई म्हणाल्या, आजकालच्या मुलींना बारीक राहायचं असतं. तीन महिन्यांनी पाळी थांबली तर म्हणे पहिल्या वर्षी होतंच मागेपुढे. यातलं प्रत्येक कारण एकेकटं खरं असू शकतं, हाच घोळ आहे. भावाच्या वेळी उंचीने तरी सांगितलं, हिच्या वेळी प्रत्येक लक्षणाला एक बायकी कारण तयार होतं. आणि कोणी मोजत नव्हतं की पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची साधारण दोनेक वर्षंच वाढते, ती पण थोडीच. म्हणजे मुलग्याकडे असतो तेवढा वेळ तिच्याकडे नव्हताच.

दादालाच पहिल्यांदा शंका आली. म्हणाला, आई, ही रात्री उठून संडासला जाते, मी पण जायचो. दुसऱ्याच दिवशी शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्यात सूज आहे का ते दाखवणारी) दिली, खूप वाढलेलं आलं, साताऱ्यातच एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये दुर्बीण झाली, बायोप्सी झाली. इथपर्यंत आठ दिवस. आणि मग अडकलो.

रिपोर्टमध्ये आलं ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींच्या बारीक गाठी) आहेत, टीबी किंवा क्रोन्स. आपल्याकडे आतड्याचा टीबी भरपूर, आणि तो बसतो पण त्याच जागी, लहान आतडं संपतं तिथे, त्यामुळे डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू करू म्हटलं त्यात मी त्यांना दोष देत नाही. दोन-तीन महिने गोळ्या देऊन परत दुर्बिणीने बघायचं असतं. टीबी असेल तर त्या घ्यायलाच पाहिजेत. पण पुण्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, भाऊ क्रोन्सचा पेशंट आहे, आधी बायोप्सीच्या स्लाइड (काचेवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (तुकडे बसवलेला मेणाचा ठोकळा) आणा, आमच्याकडे परत बघू, तोपर्यंत थांबा.

मला वाटलं होतं एका दिवसाचं काम आहे.

पहिल्या दिवशी खिडकीवर सांगितलं डॉक्टरांचं पत्र लागेल. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. पत्र आणलं तर त्यावर बायोप्सीचा नंबर नाही म्हणून परत. नंबर घालून आणला तर मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि केसपेपरवर नुसतं आद्याक्षर, मग वडिलांनीच यायला पाहिजे. हे बँकेत, मार्च एंड, त्यांना सुट्टी मिळाली चौथ्या दिवशी. त्या दिवशी ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली असते ते रजेवर. सातव्या दिवशी स्लाइड दिल्या, दोन हजार डिपॉझिट घेऊन, पण ब्लॉक नाही, ब्लॉक बाहेर देत नाही म्हणाले. मी तशीच स्वारगेटची एसटी धरली, वाटलं स्लाइडवर भागेल. पुण्यात त्यांनी बघितलं आणि म्हणाले ब्लॉकमधून नवीन काप काढल्याशिवाय टीबीचे जंतू शोधायच्या तपासण्या, स्टेन आणि पीसीआर, करता येणार नाहीत. संध्याकाळच्या गाडीने परत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत खिडकी.

त्या दिवशी खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, एवढी घाई कशाला, मुलगीच आहे ना, उंचीचं काय टेन्शन घेता." मी त्याला सांगत बसले की दादा, मुलीचीच घाई आहे, हिचा वेळ मुलापेक्षा आधी संपतो, आणि नुसती उंची नाही, हाडं आणि पाळी सगळंच त्यात आलं. तो ऐकून घेत होता, पण ब्लॉक काही दिला नाही. घरी येऊन तिचं वजन केलं तर ३१ वरून २९ किलो २०० ग्रॅम. त्या रात्री मी झोपले नाही.

शेवटी ननंदेच्या ओळखीतल्या एका नर्सबाईंनी सांगितलं, तोंडी मागू नका, लेखी द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची. अर्जात ते लिहिलं, दोन प्रती केल्या, आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या ऑफिसात जाऊन एका प्रतीवर आवक शिक्का मागितला. ब्लॉक म्हणजे कागद नव्हे असंही एकाने ऐकवलं, पण शिक्का बसला आणि दोन दिवसांत फोन आला. एकोणिसावा दिवस. हातात काय दिलं, तर आगपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची चौकट, त्यात पांढरं मेण आणि मेणात तांदळाच्या कणीएवढे पाच करडे ठिपके, कडेला पेन्सिलने नंबर. एवढ्यासाठी! एप्रिलचं ऊन होतं, म्हणून ओल्या रुमालात गुंडाळलेल्या डब्यात घालून मांडीवर ठेवून नेला. गाडीत डॅशबोर्डवर वगैरे अजिबात ठेवू नका, मेण आहे ते.

पुण्यात चार दिवसांत उत्तर आलं. टीबीचं काही सापडलं नाही, ग्रॅन्युलोमा क्रोन्समध्ये असतात तसे बारीक आणि सुटेसुटे, एमआरआयही क्रोन्सकडेच बोट दाखवत होता. उपचार लगेच सुरू झाले.

औषधातही दोघांत फरक आहे हे तेव्हा कळलं. थोरल्याला इन्फ्लिक्सिमॅबबरोबर ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) दिलं नव्हतं, कारण ही दोन औषधं एकत्र घेणाऱ्यांत एक अतिशय दुर्मिळ लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) दिसलाय आणि तो बहुतेक तरुण पुरुषांमध्येच. त्याला त्याऐवजी आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट, तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच. मुलीला मेथोट्रेक्सेटचा विचार डॉक्टर जपून करतात, ते गर्भाला घातक आहे, म्हणून हिला ॲझाथायोप्रिन, तेही आधी एनयूडीटी१५ या जनुकाची रक्ततपासणी करून, कारण काही जणांच्या पांढऱ्या पेशी त्याने एकदम उतरतात आणि आपल्या लोकांत तो दोष असतो. तुमचे डॉक्टर वेगळं ठरवतील, पण विचारा जरूर, एकाची गोळी बघून दुसऱ्याची मागू नका. मी तेच केलं होतं.

आणखी एक आठवलं. मुलगे सांगत नाहीत. थोरल्याने भगंदराचं चार महिने लपवलं, मला तर नाहीच, शेवटी बाबांना आंघोळीच्या वेळी सांगितलं. वडिलांनी विचारायला पाहिजे, स्पष्ट शब्दांत. मुलगी सांगते, पण आपण ऐकतो पाळीचं म्हणून. पाळीची आणि पोटदुखीची तारीख एकाच कॅलेंडरवर लिहा, पाळी नसतानाही दुखतंय हे मला त्याच्यावरूनच डॉक्टरांना दाखवता आलं.

पाळी परत सुरू झालीय, सातव्या महिन्यात. उंची साडेतीन सेंटीमीटर वाढली. मनगटाच्या एक्सरेवर अजून थोडी जागा आहे म्हणतात, किती ते सांगत नाहीत.

ब्लॉक मात्र परत द्यायचा राहिलाय, पुण्याहून तो परवाच हातात आला. गुरुवारी साताऱ्यात त्या खिडकीवर जाणार आहे, दोन हजारांची पावती पर्समध्ये ठेवलीय, आणि परत दिल्याची सही लेखी घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.