फोटोत निळा, हातात जांभळा

हाताने घडवलेल्या दागिन्यांच्या छायाचित्रांचे संस्करण करणे आणि नवशिक्यांना ते शिकवणे, हे माझे रोजचे काम आहे. या कामात रंगाची तक्रार नवी नाही. पण एका माळेच्या बाबतीत जे घडले, त्यानंतर मी माझ्या शिकवण्याचा क्रमच बदलला.

माळ घडवणाऱ्या बाई छंदातून नुकत्याच व्यवसायाकडे वळल्या होत्या. चांदीच्या बारीक नळ्या, लाल काचमणी आणि त्यांच्यामध्ये फिकट जांभळ्या काचेचे मोठे मणी, अशी त्यांची रचना होती. ग्राहकाने ती परत पाठवली होती, कारण फोटोत निळे दिसलेले मणी हातात आल्यावर जांभळे निघाले. त्यांनी फोटोसोबत प्रत्यक्ष माळही आणली होती, हे फार बरे झाले. वस्तू समोर नसताना रंग दुरुस्त करायला बसणे म्हणजे अंदाजाने चालणे असते.

“मॅडम, मी रंग वाढवलेला नाही, उलट खरा रंग आणायचा प्रयत्न करते आहे,” त्या म्हणाल्या. “पण मणी जांभळ्याकडे नेले की चांदी गुलाबी होते, आणि चांदी ठीक केली की मणी पुन्हा निळे.”

ही तक्रार त्यांनी इतक्या नेमक्या शब्दांत मांडली की त्यातच अर्धे निदान होते. फोटोवर एका रंगाची छटा चढली असेल, तर ती काढल्यावर सगळ्याच वस्तू आपापल्या रंगात येतात. इथे बाकीच्या वस्तू जागेवर होत्या आणि एकच वस्तू भरकटत होती.

तरीही मी नेहमीच्या तपासणीपासूनच सुरुवात केली. रंग बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे मिश्र प्रकाश. दुपारच्या उजेडाचे रंगतापमान, म्हणजे प्रकाश किती निळसर वा पिवळसर आहे हे सांगणारे माप, साधारण ५५०० केल्विन असते, तर तारेच्या पिवळ्या बल्बचे २७०० ते ३००० केल्विन. खिडकी आणि बल्ब दोन्ही चालू असतील, तर माळेची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर येते आणि एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळवणी, दोन्हींना लागू पडत नाही. त्यांचे फोटो मात्र रात्री, एकाच ट्यूबलाइटखाली काढलेले होते. दुसरी शंका कागदाची होती. पांढरा संतुलित करण्यासाठी त्यांनी छपाईचा कोरा कागद वापरला होता आणि नवशिक्यांनी इथे जपले पाहिजे, कारण अशा कागदात उजळपणा आणणारी द्रव्ये घातलेली असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे कागद डोळ्यांना शुभ्र वाटला तरी कॅमेऱ्यासाठी तो भरवशाचा नसतो. चकचकीत चांदीही या कामाला चालत नाही, कारण ती भोवतालचेच रंग परत दाखवते. यासाठी साधे ग्रे कार्ड, म्हणजे कोणतीही छटा नसलेले करडे कार्ड घ्यावे; ते माळेशेजारी ठेवून पहिला फोटो काढावा आणि संस्करण करताना ड्रॉपरने, म्हणजे रंग उचलून घेणाऱ्या साधनाने, त्यावर टिचकी मारावी.

मी स्टुडिओतल्या ट्यूबलाइटखाली माळ मांडली, ग्रे कार्ड ठेवले आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीच्या स्वरूपात, फोटो घेतला. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. रंग हलवून पाहायचे असतील तेव्हा हा फरक लगेच जाणवतो. कार्डावर टिचकी मारताच लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे एका रेषेत आले. लाल मणी अचूक दिसले, चांदी स्वच्छ करडी दिसली. मोठे मणी निळेच राहिले.

मग मी पडद्यावरून नजर काढून टेबलावरच्या माळेकडे पाहिले. ती निळीच होती. कॅमेऱ्याने जे होते तेच टिपले होते. मी माळ उचलून खिडकीपाशी नेली आणि आमच्या डोळ्यांदेखत मणी जांभळे झाले. बाईंनी ती माझ्या हातातून घेतली, पुन्हा ट्यूबखाली धरली, पुन्हा खिडकीपाशी नेली, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या मणी नेहमी दिवसा ओवत असत. रात्री फक्त फोटो काढायचे आणि तेव्हा नजर फोनच्या पडद्यावर असायची. फोटो आणि माळ यांची जुळणी दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे पुन्हा उजेडात व्हायची.

तारेच्या बल्बखाली धरून पाहिल्यावर माझी खात्री पटली. तिथेही मणी जांभळेच, किंचित गुलाबीकडे झुकलेले दिसले. अलेक्झांड्राइट हे रत्न दिवसा हिरवट आणि बल्बखाली लालसर दिसते, म्हणजे त्याचा बदल या दोन प्रकाशांमध्ये होतो. इथे ऊन आणि बल्ब एका बाजूला होते आणि ट्यूब एकटी दुसऱ्या बाजूला. ही खूण निओडिमियम घातलेल्या काचेची आहे. हे मूलद्रव्य कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ साली वेगळे केले. काचेत ते मिसळले की ती काच पिवळ्या प्रकाशाचा ५८० ते ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा फार जोराने शोषून घेते. सूर्याच्या आणि तापलेल्या तारेच्या प्रकाशात सगळे रंग सलग असतात, त्यामुळे पिवळा वजा झाल्यावर लाल आणि निळा मिळून जांभळा उरतो. फ्लुओरेसंट ट्यूबलाइटचा प्रकाश मात्र सलग नसून मोजक्या टोकदार पट्ट्यांत वाटलेला असतो. त्यांतून काच जे पुढे जाऊ देते, त्याची बेरीज डोळ्याला निळी वाटते. काचमणी घडवणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करून घेतात. ज्योतीत तापलेल्या काचेतून ५८९ नॅनोमीटरचा सोडियमचा पिवळा भडका उठतो आणि त्यापलीकडे काम दिसत नाही. त्यासाठी ते वापरतात तो डायडिमियम काचेचा चष्मा नेमका तेवढाच पट्टा अडवतो, आणि त्यातही निओडिमियमच असते.

याचा अर्थ बाईंची अडचण कोणत्याही स्लायडरने सुटणारी नव्हती, आणि हे त्यांना सांगताना मला मनापासून आनंद झाला. इतके दिवस त्या आपल्या हातालाच दोष देत होत्या. मास्क करून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून, तेवढेच मणी जांभळे रंगवता आले असते, तंत्र म्हणून ते कठीणही नाही. पण मग ज्याच्या घरी ट्यूबलाइट आहे, त्या ग्राहकाला तो फोटो पुन्हा खोटा वाटला असता.

आम्ही नव्याने फोटो घेतले. खिडकीवर पातळ पांढरा कापडी पडदा, समोरून सावली उचलायला पांढरा पुठ्ठा, आणि चांदीच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून एका बाजूला काळ्या कागदाची पट्टी. भिंगाचे छिद्र एफ ११ या मापावर ठेवले. त्याहून फार लहान छिद्र घेतले की विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. दुसरा फोटो त्याच कोनातून, पडदा ओढून ट्यूबखाली, त्याच्या स्वतःच्या व्हाइट बॅलन्ससह घेतला. संस्करण थोडेच केले. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहून चांदीवरची चमक कोरी पांढरी होणार नाही इतपत उजळवले, उरलेले धुळीचे कण डाग पुसणाऱ्या हील ब्रशने काढले, आणि फाइल एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगावकाशात (रंगांच्या ठरावीक संचात) साठवली, कारण दुसऱ्या रंगावकाशातल्या फाइली अनेक ठिकाणी फिक्या दिसतात. धुळीबद्दल एक सांगावेसे वाटते. फोटोआधी मऊ कापडाने माळ पुसायला एक मिनिट लागते, आणि तेच कण नंतर पडद्यावर काढायला संध्याकाळ जाते.

फोटो पूर्ण आकारात पाहताना माळ अडकवायच्या फाशाजवळच्या कडीत केसाएवढी काळी रेघ दिसली. “ही तुम्ही पुसून टाकाल ना?” असे बाईंनी विचारले. मी माळ त्यांच्याच हातात दिली. ती रेघ म्हणजे उघडी राहिलेली फट होती आणि तिच्यातून दोरा निसटला असता. कडी बाहेरच्या बाजूला ताणून उघडली की तिचा गोल बिघडतो आणि टोके पुन्हा जुळत नाहीत. दोन पकडींनी दोन्ही टोके धरून एक स्वतःकडे आणि दुसरे पलीकडे असे वळवावे. मिटवताना टोके एकमेकांना किंचित ओलांडू द्यावीत, म्हणजे ती घट्ट टेकतात. त्यांची तार २० गेजची, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीची होती. तेवढी तार नीट मिटवली की घट्ट राहते. त्यांनी कडी माझ्यासमोर मिटवली आणि आम्ही तो फोटो पुन्हा काढला.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून त्याखाली “दिवसाच्या उजेडात फिकट जांभळे, ट्यूबलाइटखाली निळे” असे लिहायचे ठरले. पुढच्या वेळी त्या आपला मण्यांचा सगळा डबा घेऊन आल्या. प्रत्येक लड आम्ही आधी खिडकीपाशी आणि मग ट्यूबखाली धरून पाहिली. जांभळ्या मण्यांच्या एका लडीने रंग मुळीच बदलला नाही, बहुधा तिचा रंग मॅंगनीजचा असावा. दुसरी लड मात्र दिवसा तिच्याशी हुबेहूब जुळणारी असून ट्यूबखाली निळी झाली. या दोन लडी एकाच माळेत ओवण्याचा त्यांचा बेत होता. त्यांनी त्या वेगळ्या डब्यांत ठेवल्या आणि झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.